काटोलचे तांडेल आणि आखूड दोर

तांडेलभाऊ नसते तर मी आज या बंदरात नसतो. कदाचित कुठेच नसतो. म्हणून आधी त्यांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. जहाजाला वाट दाखवून आत आणणारा तो पायलट; त्याला भर समुद्रात थांबलेल्या जहाजापर्यंत पोहोचवणाऱ्या लाँचचे ते तांडेल, म्हणजे लाँच चालवणारे प्रमुख. माणूस काटोलचा, संत्र्यांच्या बागेत वाढलेला, आणि आवाज असा की जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा भोंगा चालू असतानाही ऐकू यावा!

आमची लाँच तेलाच्या धक्क्याला असायची; तिथला पहारेकरी त्यांचा जुना दोस्त. तरी भाऊ रोज पास दाखवायचे, खिसे उलटे करून काडीपेटी नाही हे दाखवायचे. तो हसायचा, "तांडेल, तुम्हाला कोण अडवणार?" भाऊ म्हणायचे, "आज मले सोडशीन, उद्या माह्यासारख्या दिसणाऱ्याले सोडशीन. तपास गा!" लाँचमध्ये तर ते पायलटच्याही लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून पाहायचे. साहेब चिडले तर म्हणायचे, "समुद्र तुमाले साहेब नाई म्हणणार."

मीही त्यांच्याच भागातला, नंदनवन वस्तीचा. नवव्या वर्गातून शाळा सोडलेली, आणि तीन महिने काम पाहून मग खलाशी म्हणून ठेवणार, असं ठरलेलं. आईनं गल्लीभर सांगून टाकलं होतं, पोरगा जहाजावर लागला. परत जाणं शक्यच नव्हतं. त्या भीतीनं मी कुणाला काही विचारत नसे. न विचारताच मान डोलवायची, एवढंच येत होतं.

एका सकाळी भाऊ म्हणाले, "लाँच बांधून ठेव गा." मी अशी बांधली की दोरात बोटभर ढील नाही! स्वतःवरच खूश झालो. पाणी म्हणजे मला तलावाचं माहीत. सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. तेव्हा भरती होती. दुपारी जेवून आलो तर पाणी दोन पुरुष खाली गेलेलं, आणि लाँच धक्क्याला लटकलेली. नाक वर, बूड पाण्यात! बाहेर जहाज पायलटची वाट पाहत होतं. पुढची भरती लागायच्या आत तो पोहोचला नसता तर जहाजाला बाहेरच थांबावं लागलं असतं.

मी धावत जाऊन गाठ सोडायला लागलो. मागून गर्जना आली, "हट पोट्ट्या!" आणि भाऊंनी मला अक्षरशः फेकलं. मग दुसरा जाड दोर लाँचला लावून त्याचे धक्क्यावरच्या खुंट्याभोवती तीन वेढे घेतले, दहा जणांना मागून ओढून धरायला लावलं, आणि कुऱ्हाडीनं माझा दोर तोडला. काडकन आवाज झाला! तुटलेलं टोक चाबकासारखं, मी उभा होतो तिथूनच गेलं. सगळे ओरडत होते, भाऊ एकटे शांत. "सोडा... हळू... अजून हळू." लाँच पाण्यावर टेकली, इंजिन धडधडलं. "काय पाहून राहिला? चढ!" त्या दिवशी मी पहिल्यांदा बाहेर गेलो. लाटांवर आपटत, ओलाचिंब, डोंगराएवढ्या जहाजाखाली! पायलट दोराच्या शिडीवर चढला तेव्हा मी आनंदानं ओरडलोच.

परत आल्यावर बंदराच्या साहेबांनी विचारलं, "दोर आखूड कोणी बांधला?" भाऊ म्हणाले, "बांधला यानं. पण भरती-ओहोटी सांगायचं काम माह्यं होतं, थे मी केलं नाई." लाँचच्या नोंदवहीतही त्यांनी तसंच लिहिलं. लेखी ताकीद त्यांना मिळाली, मी राहिलो.

मी रडायला लागलो तर म्हणाले, "काहून रडतं बे? काटोलहून आलो तवा मी बी अशीच बांधली होती. माही तं बुडाली!" मग हळूच म्हणाले, "इचारत जाय. न इचारणारा माणूस ताणलेल्या दोरासमोर उभा रायते."

भाऊ निवृत्त होऊन काटोलला गेले. आता लाँचचा तांडेल मी आहे. नवा माणूस आला की आधी त्याला धक्क्याच्या भिंतीवरची शेवाळाची रेघ दाखवतो: पाणी इथपर्यंत येतं, आणि इतकं खाली जातं.

इतकी वर्षं त्या लाँचवर भाऊ एकदाही बसले नाहीत, कायम उभे. एक दिवस मी बसनं काटोलला जाईन आणि त्यांना घेऊन येईन. रीतसर पास काढीन, फाटकावर खिसे तपासायला लावीन, जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहीन. मग भर भरतीत त्यांना बाहेर नेईन, आणि त्या दिवशी भाऊंना उभं राहू देणार नाही.