घिवलीचं पाणी आणि साबणाचा फेस

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही मला बाथटबमधला फेसाचा डोंगर दाखवलात, तेव्हा मागे उभी राहून तुमची आई हसत होती. ती का हसली, हे तिला विचाराल तर ती तिखटमीठ लावून सांगेल. म्हणून जे घडलं ते मीच नीट लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात आम्ही बोईसरला राहत होतो. तुमचे आजोबा तिथल्या एका कारखान्यात केमिस्ट होते. तिथे फेस आणणारा एक दाट, पिवळसर द्रव बनायचा. तो धुण्याच्या पावडरीत, शाम्पूत पडायचा. आजोबांच्या शर्टाला त्याचा वास असायचा आणि पावसात भिजून आले की खांद्यावर चक्क बुडबुडे दिसायचे.

तुमची आई तेव्हा आठवीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्याचा प्रयोग निवडला जाईल, तो पालघरला तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार होता. तुमचा मामा दोनदा जाऊन आला होता आणि ते रोज ऐकवायचा. हिला काहीही करून पालघरला जायचं होतं.

प्रयोग तिनेच शोधला. आमच्या दारी समुद्रकाठच्या घिवली गावाहून मासे घेऊन एक मावशी यायच्या. त्यांची कायम तक्रार, "आमच्या हिरीच्या पान्यात साबन घासून हात झिजलं, पन फेस नाय!" आजोबांनी हिला कारण समजावलं. तसल्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. ते साबणाला धरतात आणि त्याच्या पांढऱ्या गुठळ्या होतात, मग फेसाला साबण उरतच नाही. कारखान्यातला द्रव मात्र क्षारांना दाद देत नाही. एका बाटलीत साबण, दुसरीत द्रव, दोन्हींत घिवलीचं पाणी, असा प्रयोग ठरला. घरी तो छान जमला. प्रदर्शनासाठी ताजं पाणी आणायचं मावशींनी कबूल केलं.

त्या दिवशी मावशी पाण्याचा कॅन घेऊन थेट शाळेत आल्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक निवृत्त शिक्षक आले होते. हिने ऐटीत सांगितलं, "सर, या पाण्यात साबणाला फेस येत नाही," आणि बाटली हलवली.

बाटली काठोकाठ फेसाने भरली.

"अगं, हा तर दाढीला पुरेल!" परीक्षक म्हणाले. मामा मागून खिदळला. हिचा चेहरा पडला.

"मावशी, हे तुमच्या विहिरीचंच पाणी ना?" हिने विचारलं.

"येडी का काय तू? सायेब लोकांना ते खारं पानी दावायचं? गावाची लाज हाय का नाय! पार लांबच्या वाडीतून गोडं पानी आनलंय, डोक्यावरून!"

आता यावर कोण रागावणार? मी मावशींना बसायला खुर्ची दिली. ही मात्र बाटली डोळ्यांसमोर धरून फेस न्याहाळत होती. मग तिची नजर परीक्षकांच्या रंगलेल्या ओठांकडे गेली.

"सर, तुमच्याकडे चुना आहे?"

"आहे. पण तू पान खातेस?"

सगळे हसले. हिने बोटभर चुना घेऊन बाटलीत टाकला आणि जोरात हलवली. फेस बसला, आणि पाण्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसू लागल्या. मग दुसऱ्या बाटलीत तसंच चुन्याचं पाणी करून कारखान्यातल्या द्रवाचे थेंब टाकले. तिथे फेस वर चढला.

"चुना हाही कॅल्शियमच, सर. विहिरीत जे असतं, तेच मी आत्ता घातलं."

परीक्षकांनी चुन्याची डबी बंद केली. "पालघरला ही डबी घेऊनच ये," म्हणाले, आणि ती तिच्या हातात ठेवली.

मावशी सगळ्यांना सांगत सुटल्या, "माज्या गोड्या पान्यानंच पोरगी जिंकली." ते खोटंही नव्हतं. त्या पाण्याला फेस आला नसता, तर चुना हिला सुचलाच नसता.

मामा त्यानंतर पालघरचं नाव काढेनासा झाला. चुन्याची डबी तुमच्या आईने नेली, ती तुमच्याच घरात कुठेतरी असेल. घिवलीची ती विहीर अजून आहे, आणि तिच्या पाण्यात साबणाला अजूनही फेस येत नाही.