मरूनचे दोन ड्रम

रंगाच्या ड्रमजवळ गेले की आबा आधी मान तिरकी करायचे. मग मधलं बोट वाकवून पेरानं ड्रमवर ठोकायचे. ठक्. थोडं खाली, पुन्हा ठक्. आणि सांगायचे, "पाऊण भरेल शे." झाकण उघडून बघा, पाऊणच असायचा.

नाव सांगत नाही त्यांचं. त्यांच्या घरच्यांच्या वाचनात आलं तर काय तोंड दाखवू? सगळी मिल त्यांना आबाच म्हणायची, गुजराती साहेबसुद्धा.

सुरतेजवळ कडोदऱ्याला साड्या छापायची मिल होती आमची. तिथलं रंगाचं गोदाम आबांकडे. धुळ्याकडचे, चौथी शिकलेले, कोसाडला राहायचे. सुरतेत जन्म गेला तरी तोंडातली अहिराणी सुटली नव्हती. मी अमरावतीकडची, लग्न होऊन कतारगामला आले. नवरा लूमवर, दोन मुली शाळेत, आणि मी दहावीच्या जोरावर त्याच गोदामात कारकून. आबांच्या टेबलासमोर माझं टेबल.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मिलमध्ये कॉम्प्युटर आले. एक गोदामात, एक खरेदीच्या साहेबांकडे, एक छपाईत. आता ज्याला ईआरपी म्हणतात ना, त्याचंच ते धाकटं भावंड. गोदामात आकडा भरला की तिकडे खरेदीच्या साहेबांना दिसायचा. चारपेक्षा कमी ड्रम दिसले की ते नवीन मागवणार. कुणी कुणाला विचारायचं कामच नाही.

शिकवायला आलेला माणूस चार दिवसांत निघून गेला. पुढचं मी माझं माझं शिकले. कुठलं बटण दाबलं की काय होतं, ते मुलीच्या जुन्या वहीत चित्र काढून लिहायची. एवढा तोरा होता मला त्या वहीचा! साहेब लोक "बेन, जरा जुओ ने", ताई जरा बघा ना, म्हणत माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या मागे उभं राहत होतं.

आबांनी आधी थट्टाच केली. पडद्याच्या काचेवर पेरानं ठोकलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ताई, हाऊ तं रिकामा शे!" आम्ही दोघंही खूप हसलो.

पण दोन-तीन दिवसांनी चष्मा पुसत आले. हातात कोरी वही, तिला प्लास्टिकचं कव्हर.

"माले बी शिकाड ना वं, ताई."

"तुम्ही कशाला डोळे फोडता, आबा? मी आहे ना."

"तू शे, ते खरं. पन माल मना हातमा शे ना. तो तठे काय दिखस, माले कळाले पाहिजे."

मी हो म्हटलं, शेजारी बसवलं. त्यांनी एक बटण दाबलं आणि त्यावर मरून रंगाचा डाग उमटला. त्यांची बोटं कायमची रंगलेली, साबणाला दाद न देणारी. मी पदरानं बटण पुसलं, डाग निघाला नाही, आणि म्हणाले, "आबा, हात धुऊन तरी यायचं." ते उठले. मला वाटलं हात धुवायला गेले. ते परत त्या खुर्चीत बसले नाहीत. वही मात्र बरेच दिवस त्यांच्या टेबलावर होती, कोरीच.

डागाचं निमित्त होतं हो. आबा शिकले तर माझं काय काम उरणार, ही भीती खरी. आजवर कुणाला बोलले नाही.

मग आमचं असं ठरून गेलं, की संध्याकाळी आबा तोंडी सांगायचे आणि मी भरायची. काळा एक गेला, पिवळे दोन आले. माणूस कधी चुकला नाही.

आता कडोदऱ्याची एक रीत सांगते. शेजारच्या मिलमध्ये रंग कमी पडला की त्यांचा माणूस हातगाडी घेऊन यायचा, "आबा, बे ड्रम आपो ने." आबा द्यायचे. त्यांचा माल आला की ते परत करायचे. आमचं अडलं की आम्ही त्यांच्याकडे जायचो. चिठ्ठी नाही, सही नाही, सगळ्या मिलांत हेच चालायचं.

लग्नसराईच्या तोंडावर एका संध्याकाळी आबा म्हणाले, "मरूनचे दोन बाजूवाल्याले उसने दिले. लिखी ले, ताई." मी पडद्यावर बघितलं. उसने दिले असं लिहायला जागाच नव्हती. विचारायचं होतं कुणाला तरी. पण माझी कतारगामची रिक्षा भरत आली होती. म्हटलं, चार दिवसांत परत येणारच आहेत, कशाला? आणि कॉम्प्युटर बंद केला.

गोदामात तीन ड्रम, पडद्यावर पाच. आबांनी खरेदीच्या साहेबांना दोनदा सांगितलं, मरून मागवा. दोन्ही वेळा उत्तर एकच, "कम्प्यूटरमां तो पांच बोले छे, आबा!" आबा माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब पाच म्हनस. तठे पाच कसे दिखतंस वं?" मी म्हटलं, "बघते." नाही बघितलं. ते स्वतः वाचू शकले असते, तर त्याच क्षणी बोट ठेवलं असतं त्यांनी त्या पाचावर.

मोठी ऑर्डर लागली आणि दुसऱ्याच दिवशी मरून संपला. बाजूवाल्यांचंही लग्नसराईत अडलेलं, त्यांचा माल वाटेत. छपाईचं मशीन उभं राहिलं. मोठे साहेब गोदामात आले, ड्रम मोजले, पडदा बघितला आणि दोन ड्रम गेले कुठे म्हणून आबांवर ओरडले. आबांनी शांतपणे सांगितलं, शेजारी दिलेत.

"कोने कह्युं हतुं?" कुणाला सांगितलं होतं?

मी खुर्चीत बसलेली. नजर टेबलावर, दोन्ही हात मांडीवर. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आजारी माणसाकडे बघतात, तसं.

"कोनालेच नई, साहेब," ते म्हणाले. "सांगानं ऱ्हायी गयं. मनी चूक शे."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग मुली आठवल्या, खुर्चीमागे उभे राहणारे साहेब आठवले, आणि ते तसंच मिटलं.

चौथ्या दिवशी बाजूवाल्यांचा माणूस दोन ड्रम परत घेऊन आला. चोरीचा संशय गेला, पण गोदाम गेलं. आबांना गेटवर बसायला सांगितलं. ते एक दिवस बसले. दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला माझ्या टेबलाशी आले, म्हणाले, "येस मी, ताई. पोरीस्नी शाळा सोडू नको." आणि गेले. नंतर कळलं, कोसाडची खोली सोडून गावी गेले. वही टेबलावरच राहिली. मी कधी उघडली नाही.

हे आज लिहायला कारण आहे. माझा भाचा एका कंपनीत माल पाठवण्याच्या कामाला आहे. परवा तणतणत आला, "मावशी, मी ट्रक भरणारा माणूस, मला ईआरपी शिकायला पाठवतायत. तो ऑपरेटर आहे की!" मी त्याला म्हटलं, बाबा, जा आणि शीक. माल तुझ्या हातात आणि आकडा दुसऱ्याच्या हातात, असं ठेवू नकोस. "मी आहे ना" म्हणणाऱ्यावर तर मुळीच विसंबू नकोस. तो म्हणाला, तू कधीपासून यातली जाणकार झालीस? मी चहा टाकायला उठले.

आबा गेल्यावर एक दिवस गोदामात कुणी नव्हतं. मी उठले, मरूनच्या ड्रमजवळ गेले. मान तिरकी केली, बोट वाकवलं आणि ठोकलं. ठक्. थोडं खाली, पुन्हा ठक्. दोन्ही आवाज मला सारखेच वाटले. बारा वर्षं समोर बसून त्यांना कधी म्हटलं नव्हतं, आबा, मला पण शिकवा.

झाकण उघडून बघायचंही धाडस झालं नाही. टेबलाशी परत आले, डागाचं बटण दाबलं आणि पडद्यानं सांगितला तो आकडा लिहून घेतला.