सूर मीच लावणार

दिगूभियांच्या तेराव्याला पंगत उठली तरी माणसं उठेनात. एकाने दबक्या आवाजात भियांचा एक किस्सा सांगितला. दुसऱ्याने त्यातली चूक काढली आणि ती दुरुस्त करता करता स्वतःचा किस्सा सुरू केला. त्याला आता वर्ष झालं, पण देवासच्या आमच्या गल्लीत दोघे चहाला थांबले की अजून तेच चालतं. त्यातले निम्मे किस्से घडलेही नसतील. मी मात्र पाहिलेलेच सांगतो. चष्म्याचा दुकानदार आहे, एवढी शिस्त पाळायला हवी!

भिया, आमच्याकडचं 'भैया', म्हणजे दिगंबर जाधव, भांड्यांचे दुकानदार. त्यांच्या आणि माझ्या दुकानात एक भिंत. दर दिवाळीआधी मी त्यांचे डोळे तपासायचो आणि ते माझ्या घरची भांडी. सत्तरीतही त्यांचं दूरचं लख्ख होतं, वाचायला तेवढा चष्मा लागे.

*

भांडं विकण्याआधी ते बोटाच्या पेराने वाजवायचे. वाजवून, कान देऊन, मगच कागदात गुंडाळायचे. सूर बसका आला तर भांड्याला बारीक चीर आहे असं समजायचं.

एकदा सोनकच्छचे एक वरपिता तांब्याची घागर घ्यायला आले. बाहेर जीप चालू, मुहूर्त तासाभरावर. भियांनी घागर वाजवली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, ही देणार नाही. दुसरी त्या मापाची नव्हती. वरपित्यांचा आवाज चढला, मागून चार तगडी माणसं आत आली. मला वाटलं, आता इथे हाणामारी होणार.

भियांनी शांतपणे घागरीत पाणी भरलं आणि ती वर्तमानपत्रावर ठेवली. सगळे वाकून बघत राहिले. पाच मिनिटं झाली, काही नाही. वरपिता घड्याळ बघतायत, जीपवाला हॉर्न वाजवतोय. आणि मग कागदावर रुपयाएवढा ओला डाग उमटला.

भिया म्हणाले, "घर की घागर ले जाओ साहब. माँज के दे देता हूँ."

खरंच त्यांनी आपल्या घरातली घागर आणून चिंचेने घासून दिली.

*

दर गुरुवारी दुकानाच्या मागच्या खोलीत आमची बैठक असे. भिया तंबोरा जुळवायचे, त्यांची मुलगी रेवा गायची, आम्ही माना हलवायचो. एकदा बँकेत बदलून आलेले एक साहेब इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन आले. हातभर लांबीची पेटी, वर लाल दिवा. बटण दाबलं की सूर चालू. साहेब म्हणाले, आता जुळवत बसायची कटकट नाही.

भियांनी पेटी उचलली, दोन्ही हातांनी, अगदी अदबीने. दुकानात नेऊन जेवणाच्या डब्यांच्या फळीवर ठेवली आणि परत येऊन खुंट्या पिळायला लागले. साहेब पुढच्या गुरुवारी आले ते पेटीशिवाय. पुढे दहा वर्षं आले.

*

रेवाचं लग्न धारला ठरलं. पाठवणीची वेळ झाली, गाड्या लागल्या, आणि वधूपिता गायब! व्याही तापले होते, कारण राहुकाळ लागायच्या आत निघायचं होतं. मी शोधत गेलो तर भिया वरच्या खोलीत दार लावून तंबोरा जुळवत बसलेले. म्हटलं, "भिया, काय करून राहिलात? खाली सगळे खोळंबलेत."

"बेसूर तंबोरा सासरी पाठवू का?" ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात खुंटीवर होता.

गाडीत तंबोरा रेवाच्या मांडीवर गेला. जाताना तिने बापाला शब्द दिला की चारचौघांत गाईन तेव्हा सूर तुम्हीच लावायचा. तेव्हापासून तिचा कार्यक्रम असला की भिया इंदूरला बस बदलून धारला जायचे, खुंट्या पिळायचे आणि पहिल्या रांगेत मधोमध बसायचे. एकदा तापातही गेले.

*

आता जरा अवघड भाग.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एक बाई पितळेचा कलश परत घेऊन आल्या. ऐन पूजेत गळला होता. भियांनी कलश वाजवला. मी भिंतीपलीकडून उठून आलो होतो. इतका भसाडा आवाज आला की बाईंनीही तोंड वाकडं केलं.

भिया म्हणाले, "ठणठणीत आहे हो."

मी कुसुमवहिनींकडे पाहिलं. त्या भियांच्या पत्नी, दुपारी दुकानात बसायच्या. त्यांनी माझी नजर टाळली, बाईंना दुसरा कलश दिला आणि पाठवून दिलं. त्या दिवसापासून भियांनी भांडं वाजवलं की वहिनी मागच्या मागे ते पुन्हा वाजवून बघायच्या.

इंदूरच्या डॉक्टरकडून भिया हसत आले. कानात मळ होता म्हणाले. महिन्याने वहिनींना सर्वांत वरच्या फळीवरच्या पितळी डब्यात कानाचं मशीन सापडलं, वेष्टणही न फोडलेलं. त्यांनी ते पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. मला म्हणाल्या, "भावजी, हे कळलं असं त्यांना कळता कामा नये. कान गेला म्हणून जगतील. आम्हाला कळलं म्हणून जगायचे नाहीत."

मीही गप्प बसलो. बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही.

*

आणि मग रेवाचा धारचा मोठा कार्यक्रम आला. सकाळची मैफल, हॉल भरणार, इंदूरहून जाणकार येणार. तिचं नाव होणार किंवा जाणार, ते त्या दोन तासांत ठरणार होतं. तिने मला फोन केला.

"काका, मागच्या वेळी घरच्या बैठकीत बाबांनी लावलेल्या तारा एकमेकींशी भांडत होत्या. मी तशीच गायले. पण या वेळी नाही जमणार."

"मग तू स्वतः लाव."

"बाबांच्या समोर? खुंटीला हात लावला तरी त्यांना कळेल."

शेवटी डाव ठरला. इंदूरहून मी पेटी आणली, तसलीच, इलेक्ट्रॉनिक. रेवाच्या शालीआड ती चालू ठेवायची. मागे तंबोऱ्यावर बसणाऱ्या तिच्या जावेने बोटं फिरवायची, पण तारांना लावायची नाहीत. पेटी विकत घेताना मला चोरी करतोय असं वाटत होतं.

भियांनी तंबोरा जुळवायला पाऊण तास घेतला. कान भोपळ्याला टेकवून, डोळे मिटून. घाम कपाळावरून गळत होता. मी शेजारी उभा होतो. चारही तारा चार दिशांना गेल्या होत्या. ते म्हणाले, "बघ अनंता, कसा बोलतोय." मी मान हलवली. आयुष्यात एवढी जड मान कधी हलवली नाही.

पडदा उघडला. मी भियांच्या शेजारी पहिल्या रांगेत. जावेची बोटं हवेत फिरत होती. एकदा चुकून तारेला लागली, रेवाच्या कपाळावर आठी आली. भिया एकटक स्टेजकडे बघत होते. मग रेवाचा षड्ज लागला आणि हॉल शांत झाला. दोन तास ती अशी गायली की जाणकार उठून उभे राहिले. भियांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते बघत होते.

दुपारी रेवाच्या घरी दाल-बाफल्याची पंगत बसली. भिया, वहिनी, मी, व्याही. रेवा आणि जाऊ वाढत होत्या. एकमेकांकडे बघायची कोणाचीच हिंमत नव्हती. भियांनी बाफला चुरला, तूप घेतलं आणि म्हणाले, "आज सूर चांगला लागला."

वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही पहिला घास घेतला.

"रेवा," भिया ताटातून मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वेळी त्या डब्यावर रुमाल टाक. लाल दिवा पहिल्या रांगेतून दिसतो."

आणि त्यांनी आणखी एक बाफला मागितला.