फाटलेला आवाज
राळ जळल्याचा वास आला की मला उंब्रजच्या जत्रेतले शाहीर आठवतात. लढाईच्या दिवसांत माझं सांगलीत लाउडस्पीकरचं दुकान होतं. कर्णा, मोटारीची बॅटरी आणि आवाज मोठा करणारं व्हॉल्व्हचं मशीन घेऊन मी गावोगाव जायचो. जत्रेच्या दुपारी साठीतल्या शाहिरांनी वरचा सूर लावला की कर्णा खरखरायचा आणि माणसं हसायची. पोवाडा थांबवून त्यांनी मला विचारलं, "मशीनला काय झालं वं?" मशीन मी स्वतः जोडलेलं. सगळ्यांदेखत म्हणालो, "मशीन ठणठणीत हाय, शाहीर. आवाज तुमचा फाटलाय." ते डफ ठेवून खाली उतरले. आठवड्यानं दुकानात मशीन उघडून चालू केलं आणि लाकडी काडीनं एकेक सांध्यावर ठोकत गेलो. तिसऱ्याच सांध्याला तीच खरखर. तारा जोडायला डाख देताना राळ लागते; लढाईमुळे ती मिळेना म्हणून मी कल्हईवाल्याचा नवसागर वापरला होता. त्यानं तारा हिरव्या पडून सांधे आतून सुटले होते, आणि मोठ्या आवाजानं मशीन हादरलं की खरखरायचे. राळ मिळवून सगळे सांधे नव्यानं केले, पण उंब्रजला काही गेलो नाही. वर्षभरानं शाहीरच कराडच्या बाजारात भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमी त्वांडावर खरं बोललासा, लय उपकार झालं. गाणं तवाच सोडलं." मी म्हणालो, "असू द्या." आज मी त्यांच्याच वयाचा आहे. त्यांनी हात बराच वेळ धरून ठेवला होता. सांगायचं असतं तर तेवढा वेळ पुरला असता.