छिन्नीने तोडलेले तोडे

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या. ही मात्र नाही. ती बाई माझ्या ठाण्यात दोनदा आली होती, आणि पहिल्या वेळेचं पूर्ण खरं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. बोरीच्या बाजूला एका ठाण्याचा मी फौजदार. लोक मात्र जुन्या सवयीने अमीनसाबच म्हणत. ती पहिल्यांदा आली तेव्हा पाठीवर काठीचे वळ होते. मी तिची फिर्याद घेतली नाही. नवऱ्याला बोलावलं, दम भरला, पुन्हा मारणार नाही अशा मुचलक्यावर त्याचा अंगठा घेतला आणि तिला त्याच्याबरोबर घरी धाडलं. अशा प्रकरणात आम्ही हेच करायचो. त्याला समजूत घालणं म्हणायचो.

पुढे तोच नवरा तक्रार घेऊन आला. बायको पायातल्या चांदीच्या तोड्यांसकट पळाली, कुणीतरी फूस लावली. त्याची फिर्याद मी बसल्या बैठकीला लिहून घेतली.

परभणीला कापूस टाकून आलेल्या एका गाडीवानाने खबर दिली, की बाई तिथल्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडते. मी शिपाई घेऊन गेलो. बायांवरच्या मुकादमीणबाईने तिला आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं.

"हिला कुणी पळवून आणलं?" मी मुकादमीणबाईला दरडावलं.

"पळवायला ती काय शेरडी हाय का, अमीनसाब? लंगडत का व्हईना, सोताच्या पायानं आली."

"तिचा नवरा तुमच्यावर केस करायलाय."

"करू द्या की. ठाण्यात भाकरी हितल्यापेक्षा जाडच मिळंल."

आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्या बाईकडे वळलो. "तोडे काढ, आणि घरी चल."

तिने लुगडं घोट्यापर्यंत वर धरलं. पाय उघडे होते. दोन्ही घोट्यांभोवती काळपट व्रण होता. "सोनाराला इचारा. त्याला घरी बोलावून नवऱ्यानंच काढायला लावले. आन् बेड्या घाला, ठाण्यात येते. त्याच्या घरी न्हाई येनार."

गावातला सोनार आधी कानावर हात ठेवून बसला. 'केलंस का' विचारलं की माणूस नाही म्हणतो. 'कसं केलंस' विचारलं की कारागीर बोलू लागतो, हा माझा अनुभव. मी विचारलं, "खीळ काढून तोडे सहज निघतात. मग व्रण कसे पडले?"

तो म्हणाला, "आदल्या राती नवऱ्यानं घोट्यांवर काठ्या मारल्या व्हत्या. पाय सुजून तोडे मासात रुतले व्हते, साहेब. खीळ दिसंना. छिन्नीनं तोडले. नवऱ्यानं पाय धरले व्हते. ती वरडली बी न्हाई."

"कधीची गोष्ट?"

"तुमी समजूत घालून धाडलं ना, त्याच्या दुसऱ्या दिशी."

तुकडे त्याच्या पेटीतच सापडले. पंचनामा करून ते जप्त केले. सरकारी डॉक्टरने तिच्या घोट्याचं हाड मोडून वाकडं जुळल्याचं लिहून दिलं.

दोघांना ठाण्यात समोरासमोर आणलं, तेव्हा नवरा बिनधास्त होता. "नवरा-बायकोत व्हतंच असतं. तुमीच म्हणला व्हता की, साहेब."

ती माझ्या हातातल्या टाकाकडे बघत होती. "त्याचं लिवलं, आता माजं लिवा. मी आदी हितं आले व्हते. तुमी मला माघारी धाडलं. ते बी लिवा."

शिपाई दाराबाहेर बघू लागला. मी लिहिलं, वाचून दाखवलं, तिचा अंगठा घेतला.

वरिष्ठांनी माझा खुलासा मागवला. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि ताकीद मिळून सुटलो. मी फिर्याद घेतली असती तर तो घोटा शाबूत राहिला असता, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगतो.

बाई ठाण्याची पायरी चढते तेव्हा तिने घरातले सगळे उपाय करून बघितलेले असतात. आम्ही तिला पुन्हा पहिल्या उपायावर नेऊन सोडत होतो. त्यानंतर कुणी बाई आली की मी आधी तिची फिर्याद लिहिली आणि कुठे जायचंय ते तिलाच विचारलं.

नवऱ्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या दारात दीर तिला आडवा आला. "आता तुला कोण नांदवंल?"

"मला कोनी नांदवायचं कारन न्हाई. कामावर जायचंय. सर बाजूला."

तो सरला. त्याच दारात मीही उभा होतो. मीही सरलो.