केळफुलाची फिल्म

आमच्या शाळेत भिंतीवरचा मोठा स्क्रीन आला, तेव्हाही मी विज्ञान शिकवत होते आणि आजही तेच शिकवते. शाळा बुरहानपूरजवळच्या दापोऱ्याची; राज्य हिंदीचं, पण शाळेचं माध्यम मराठी. मी बुरहानपुरात, राजपुऱ्यात राहते, रोज स्कूटीनं जाते. स्क्रीनबरोबर जे धडे भरून आले होते ते सगळे हिंदीत होते, पण मुलांना त्याचं काही वाटलं नाही. हृदयाची आकृती मी वर्षानुवर्षं लाल-निळ्या खडूनं काढत आले आणि मुलं ती पाठ करत आली. स्क्रीनवर झडपा उघडताना-मिटताना दिसल्या, त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आपण झोपल्यावर पण हे चालूच राहते का?" आकृती पाहून असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या स्क्रीनच्या बाजूची झाले.

मग बीज अंकुरण्याचा धडा आला. आंब्याची कोय फुटून रोप वर येताना दिसलं. आठवीतली एक मुलगी उभी राहिली. ती बोलताना अडखळायची. एखादं अक्षर तिच्या ओठांवर अडून बसायचं आणि ती डोळे मिटून त्याला वाट करून द्यायची. वर्गाला याची सवय होती. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मुलं थांबायची, कुणी मध्ये बोलायचं नाही.

"मॅडम, के-के-केळीचं का नाही दाखवत? आमच्याकडं तर केळीच आहे."

मी शोधलं. जे सापडलं ते इंग्रजीत होतं आणि दुसऱ्याच कुठल्या देशातलं होतं. म्हटलं, "नाही दाखवत ना, तर मग तूच दाखव."

तिनं ते मनावर घेतलं. शेतात निसवायला आलेल्या, म्हणजे केळफूल बाहेर पडू लागलेल्या एका झाडासमोर तिनं बांबू रोवला. रोज सकाळी त्याला टेकवून वडिलांच्या मोबाईलवर ती एक फोटो काढायची. त्या झाडाला हात लावायचा नाही, अशी तिनं घरात सगळ्यांना ताकीद दिली होती. फोटो पुरेसे जमल्यावर शाळेच्या टॅबवर आम्ही ते जोडले. जांभळं केळफूल हळूहळू मान खाली घालतं, एकेक पाकळी वर उचलली जाते आणि तिच्याखालून बोटांएवढ्या केळ्यांची फणी बाहेर येते. मी जन्मापासून या केळीच्या मुलखात राहते, पण हे असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"याच्यावर कोण बोलेल?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली.

ऑफिसच्या खोलीत बसून तिनं आवाज भरला. अडखळली तिथं पुन्हा भरू का, असं मी विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली. तसंच ठेवलं. शुक्रवारी वर्गात फिल्म दाखवली. मुलांनी ती पुन्हा लावायला लावली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मधल्या सुट्टीत मी तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं आलं नाही का अजून?"

तिनं सांगितलं ते ऐकून मी शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथं एकाच्या मोबाईलवर तेच चालू होतं. फिल्म चालू असताना वर्गातल्या कुणीतरी स्क्रीनचं शूटिंग केलं होतं. त्यातलं फक्त 'के-के-के' तेवढं कापून, पुन्हा पुन्हा जोडून खाली ढोल वाजवला होता. मोठी माणसं, चांगली घरादाराची माणसं, चहा पिता पिता हसत होती. मला पाहून एकानं मोबाईल खिशात टाकला.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते.

"मॅडम, बस झालं आता," ते म्हणाले. "मंडीत गेलो तर तिथं पण लोकं वाजवू राहिले. पोरगी दोन दिवसांची जेवली नाही. तुमचा टीव्ही, तुमचा टॅब तुमच्यापाशी. मी तिला शाळेत पाठवत नाही."

आई मला आत घेऊन गेली. मुलगी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिच्याजवळ बसून राहिले. निघताना मी तिच्या आईला म्हटलं, "मी उद्या येईन. परवा पण येईन. ती शाळेत येईपर्यंत येत राहीन."

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं. "मॅडम, लफडं नको. स्क्रीनच्या खोलीला कुलूप लावून टाकू. पहले भी शाळा चलतीच होती ना?"

"सर, कुलूप लावलं तर स्क्रीन बंद होईल. मोबाईल तर घरोघरी आहे, त्याला कोण कुलूप लावणार? तो कसा वापरायचा हे शाळेनं नाही शिकवलं तर कोण शिकवेल?"

"आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून देते."

त्यांनी लिहून घेतलं नाही, पण कुलूपही लावलं नाही.

त्या दिवशी आठवीच्या तासाला मी स्क्रीन सुरू केला नाही. खडू घेतला, फळ्यावर मधोमध 'आपला वर्ग' लिहिलं आणि म्हटलं, "ती क्लिप तुमच्याकडं कुठून आली आणि तुम्ही पुढं कुणाला पाठवली? शिक्षा नाही करणार. खरं तेवढं सांगा."

मग एकानं सांगितलं, मामेभावाला. मी बाण काढला. कुणी सांगितलं, क्रिकेटच्या ग्रुपवर. नेपानगरची आत्या. सुरतेचा काका. बाण काढता काढता फळ्याचा काठ आला. मी खडू खाली ठेवला.

"आता यातला एक बाण मागं आणून दाखवा."

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी रडत उभी राहिली. घरचा मोबाईल दप्तरात लपवून तिनंच आणला होता. "मॅडम, मी तर फूल छान वाटलं म्हणून घेतलं होतं. आईला दाखवायला. भावानं ते कापलं, ढोल त्यानंच लावला. मला माहीत पण नव्हतं."

तिचं मला खरं वाटलं. तरी मी म्हटलं, "हे मला सांगून भागणार नाही. जिचा आवाज होता तिला सांग."

संध्याकाळी आम्ही दोघी त्या घरी गेलो. ती मुलगी दारातूनच सगळं बोलली, रडत, एका दमात. मी शाळेचा टॅब घेऊन खाटेजवळ गेले. म्हटलं, "तुझी फिल्म चांगली आहे. ती मी टाकून देणार नाही. पण तू म्हणशील तसंच होईल. पुसून टाक म्हणालीस तर आत्ता तुझ्यासमोर पुसते."

ती उठून बसली. टॅब हातात घेतला.

"फोटो रा-राहू द्या," ती म्हणाली. "माझा आवाज पुसा."

मी पुसला. तिनं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

आठवडाभरानं ती शाळेत आली. वडिलांनी स्वतः आणून सोडलं, माझ्याशी मात्र बोलले नाहीत. वर्गानं एक नियम केला, तोही मुलांनीच. ज्याचा फोटो किंवा आवाज घ्यायचा त्याला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर का म्हणून विचारायचं नाही.

पुढच्या पालकसभेत ती फिल्म दाखवायची का, असं मी तिला विचारलं. आवाज नसेल तर लोकांना कळणार कसं, ही मला चिंता होती. मी माझा आवाज भरून देऊ का, असंही विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मी उभी राहून सांगीन. भ-भरलेलं बोलणं कापता येते, मॅडम. समोर उभं राहून बोलली तर कोण कापीन?"

सभेच्या दिवशी ती स्क्रीनशेजारी उभी राहिली. टपरीवर हसणाऱ्यांतले दोघं-तिघं पालक म्हणून समोरच बसले होते. केळफूल खाली झुकायला लागलं आणि ती पहिल्याच शब्दावर अडली. 'के'वर. कुठंतरी मागं कुजबुज झाली. मी पाऊल पुढं टाकणार होते, पण आमच्या वर्गातली मुलं भिंतीला टेकून उभी होती, ती नेहमीसारखी थांबली. त्यांना पाहून मोठी माणसंही थांबली. तिनं डोळे मिटले, शब्द बाहेर आला आणि ती पुढं सांगत गेली. फणी कशी धरते, पाकळी का गळते, घड पोसायला लागला की केळफूल का कापतात, सगळं. मी फिल्म दोनदा थांबवली. एरवी ती तिच्या बोलण्याच्या पुढं निघून गेली असती.

शेवटी एका शेतकऱ्यानं तिला प्रश्न विचारला, घडावर फण्या कमी का धरतात याचा. तिनं सांगितलं, "ते मला अजून नाही माहीत." तिचे वडील मागच्या रांगेतून उठले आणि बाहेर गेले. मी निघाले तेव्हा ते माझ्या स्कूटीजवळ उभे होते. "मॅडम," ते म्हणाले, "पुढं तिला बुरहानपूरला नववीत टाकायचं. तिथं विज्ञान चांगलं कोणत्या शाळेत आहे?"

ती आता बुरहानपूरच्या शाळेत जाते. अजूनही अडखळते. तिथल्या मुलांना थांबायची सवय व्हायला वेळ लागला, हे तिनंच मला सांगितलं. ती क्लिपही कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये असणारच. नवीन वर्ग आला की पहिल्या आठवड्यात मी स्क्रीनला हात लावत नाही. फळ्यावर वर्गाचं नाव लिहिते आणि एखादी क्लिप इथून निघाली तर कुठं कुठं जाईल, त्याचे बाण काढायला मुलांच्याच हातात खडू देते.