भाकरीची जकात

आम्ही जुने बोर्डिंगवाले कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो, की अक्षता पडायच्या आधीच किस्से सुरू होतात. बायका म्हणतात, "तेच तेच काय उगाळता?" तेच तेच नसतं हो! तेव्हा लपवलेलं दरवेळी थोडं थोडं बाहेर येत असतं.

हायस्कूल जामखेडला आणि आमची गावं लांब. बोर्डिंगात राहायला खोली मिळायची, जेवण मात्र घरचं. सकाळच्या एसटीनं गावोगावचे डबे यायचे. फडक्यात बांधलेले, गाठीला नावाची चिठ्ठी. कंडक्टर ते स्टँडवर उतरवून द्यायचा, संध्याकाळी रिकामे डबे परत न्यायचा.

डबे घेऊन आम्ही बोर्डिंगवर आलो, की उंबऱ्यावर रंगनाथ बसलेला असायचा. बागायतदाराचा पोरगा, अकरावीत दोनदा नापास, तालमीत कमावलेलं अंग. प्रत्येकानं त्याच्यापुढं डबा उघडायचा. आवडेल ते तो काढून घ्यायचा. याला तो 'जकात' म्हणायचा. पुढं पुढं आम्हीही जकातच म्हणायला लागलो, हे जास्त वाईट!

*

एकदा आईनं शेंगदाण्याचे दोन लाडू पाठवले. मी ते चड्डीच्या खिशात दडवले. रंगनाथला वास लागला. लाडू गेलेच, वर भर उन्हात दोनशे उठाबशा!

दुसऱ्या दिवशी पीटीच्या सरांनी विचारलं, "का रे लंगडतोस?"

"पडलो, सर."

मागून रंगनाथ म्हणाला, "लई धडपडतंय सर हे!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

*

बबन आमच्यात हुशार. त्यानं बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंट सरांना तक्रारीचं पत्र लिहिलं. खाली नाव नाही, अक्षर मुद्दाम डाव्या हातानं काढलेलं. एकदम पक्कं काम!

सरांनी प्रार्थनेनंतर पत्र सगळ्यांना दाखवलं. "कुणी लिहिलंय हे?"

शाई हिरवी होती. आख्ख्या बोर्डिंगात हिरवी शाई एकट्या बबनकडं!

सरांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि ते निघून गेले. त्या दुपारी रंगनाथनं हिरव्या शाईची दौत बबनच्या डोक्यावर ओतली. आठवडाभर बबन टोपी घालून वर्गात बसला. एकाही मास्तरानं टोपी काढायला सांगितली नाही.

*

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, आया-बहिणी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. डब्यात रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी यायला लागली. कडक, कडवट.

आता जकातीला घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्हाला वाटलं, सुटलो! पण रंगनाथला खाण्याची गोडी नव्हतीच. तो डबा उघडायला लावायचा, भाकरी उचलायचा आणि अंगणातल्या कुत्र्यापुढं फेकायचा.

"कुत्रंबी खात न्हाई बघा!" म्हणायचा.

कुत्रं खायचं. आम्ही उपाशी बघत राहायचो.

*

सोपान आठवीत होता. काडीसारखा, सहसा तोंड न उघडणारा. एका सोमवारी तो गावाहून सकाळच्या एसटीनं आला, स्वतःचा डबा मांडीवर घेऊन. रंगनाथ उंबऱ्यावर होताच.

"उघड."

सोपाननं डबा खाली ठेवला आणि झाकणावर हात दाबून धरला.

"न्हाई."

रंगनाथनं थोबाडीत दिली. सोपान हेलपाटला, पण हात झाकणावरच. दुसरी बसली. ओठातून रक्त आलं.

"मार," सोपान म्हणाला. "पर हात काढणार न्हाई. माझ्या आयनं ही भाकर माझ्यासाटी बांदली अन् ती पानी पिऊन खडी फोडाया गेली. म्या बघून आलोय."

मला माझी आई दिसली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण मी खाली बसलो आणि सोपानच्या हातावर माझा हात ठेवला. माझ्या हातावर बबनचा आला. मग मागून एकेक हात येत गेले. खालचा डबा दिसेनासा झाला.

रंगनाथनं उगारलेला हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला.

सोपाननं आमचे हात बाजूला केले. झाकण काढलं. एकच भाकरी होती. त्यानं ती मोडली आणि अर्धी रंगनाथपुढं धरली.

"खानार आसशील तर घे. फेकायला न्हाई."

रंगनाथ बराच वेळ त्या लाल तुकड्याकडं बघत उभा होता. मग त्यानं सदऱ्याला हात पुसले आणि दोन्ही हात पुढं केले.